पर्यावरणस्नेही कार्यस्थळ : दानधर्म नव्हे, चोख व्यवहार

खंडेनवमीला एका जुन्या मित्राच्या कारखान्यात पूजेसाठी जायचे, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. औद्योगिक वसाहतीतला तो एक लहानसा कारखाना. वीस-पंचवीस कामगार, चार लेथ, दोन मिलिंग यंत्रे आणि कोपऱ्यात एक कॉम्प्रेसर. त्या दिवशी सारी यंत्रे धुऊनपुसून लख्ख केलेली असतात. त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात, हळदकुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो. एरवी जिथे शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही, तिथे आरती संपल्यावर क्षणभर निखळ शांतता पसरते. अशाच एका वर्षी त्या शांततेत माझ्या कानांवर बारीक फुसफुस आली. पाठोपाठ कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला, थोडा वेळ धडधडला आणि थांबला. प्रसाद वाटून होईपर्यंत तो आणखी दोनदा सुरू झाला. मी मित्राला विचारले, “अरे, सगळे बंद आहे, मग हा कोणासाठी चालला आहे?” तो सहज म्हणाला, “कुठेतरी नळी गळत असेल. हवाच तर आहे! तिला कुठे पैसे पडतात?”

मी कलाशाखेचा पदवीधर; यंत्रातले मला फारसे कळत नाही. तथापि त्या उत्तराने माझी पाठ सोडली नाही. जाणकारांना विचारले, ऊर्जा-परीक्षकांच्या हस्तपुस्तिका चाळल्या, तेव्हा उलगडा झाला. ७ बार दाबाच्या वाहिनीला अवघे ३ मिलिमीटरचे छिद्र पडले, तर तेथून निसटणारी हवा दाबण्यासाठी सुमारे ३ किलोवॉट वीज सतत खर्च होते. दिवसाला १६ तास आणि वर्षाचे ३०० दिवस कारखाना चालला, तर ही वीज होते १४,४०० युनिट. युनिटमागे ८ रुपये धरले तरी १ लाख १५ हजार रुपये! एका छिद्राचे. आणि ज्या कारखान्यात गळतीकडे कोणी पाहत नाही, तिथे कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा अशीच वाया जाते, असा जगभरच्या तज्ज्ञांचा अनुभव आहे.

वर्षातून एक दिवस आपण यंत्राची मनोभावे पूजा करतो आणि उरलेले दिवस त्याचा श्वास गटारात सोडतो. ‘शाश्वत उद्योग’, ‘हरित कार्यालय’ असे जडजंबाल शब्द हल्ली कानांवर पडतात. त्यांचा अर्थ समजून घ्यायचा, तर सुरुवात या फुसफुशीपासूनच करावी लागेल.

एक रूढ गैरसमज

आपल्याकडे उद्योजकांच्या मनात पर्यावरण म्हटले की दोनच चित्रे उभी राहतात. पहिले, प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस. दुसरे, ५ जूनला एखाद्या पाहुण्याच्या हस्ते लावलेले आणि पुढच्या ५ जूनपर्यंत वाळून गेलेले झाड. एक भीतीचा विषय, दुसरा समारंभाचा. दोन्ही ठिकाणी पैसे जातात, परत काही येत नाही. त्यामुळे पर्यावरण हा श्रीमंत कंपन्यांचा छंद आहे, आपल्यासारख्यांनी आधी धंदा सांभाळावा, अशी समजूत पक्की झाली आहे.

ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कार्यस्थळ शाश्वत करणे म्हणजे काय? वीज, पाणी, कच्चा माल यांचा गरजेपुरता वापर. सूर्यप्रकाश व वारा यांचा पुरेपूर उपयोग. सांडपाणी आणि टाकाऊ मालाचा पुनर्वापर. आणि तिथे राबणाऱ्या माणसाचे आरोग्य टिकेल अशी हवा व उजेड. यातली कोणती गोष्ट आपल्या घरातील आजीला नवी वाटली असती? तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला घालणारी, उन्हे उतरेपर्यंत दिवा न लावणारी ती पिढी ‘शाश्वत’ हा शब्द न उच्चारता शाश्वत जगत होती. फरक इतकाच की तिची काटकसर घरापुरती होती. प्रश्न असा आहे की, हीच वृत्ती कारखान्याच्या आणि कचेरीच्या ताळेबंदात उतरवली, तर नफा वाढतो की घटतो? याचे उत्तर भावनेने नव्हे, आकड्यांनी द्यावयास हवे.

हैदराबादची एक इमारत

१४ जुलै २००४ रोजी हैदराबाद येथे तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते एका इमारतीचे उद्घाटन झाले. भारतीय उद्योग महासंघाचे ‘सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर’ ही ती वास्तू. ‘लीड’ या अमेरिकी मानांकनातील प्लॅटिनम ही सर्वोच्च श्रेणी अमेरिकेबाहेर मिळवणारी ती जगातली पहिली इमारत ठरली. तिचे वास्तुरचनाकार बडोद्याचे करण ग्रोव्हर.

या इमारतीत असे काय आहे? मधोमध चौक आहे. भिंतींना जाळ्या आहेत. त्यांतून प्रकाश येतो, पण उन्हाची तिरीप थेट आत शिरत नाही. वारा आत ओढून घेणारे मनोरे आहेत. वातानुकूलन यंत्रात जाण्यापूर्वीच हवा तिथे निवते. छताच्या निम्म्याहून अधिक भागावर हिरवळ आहे. सांडपाणी वनस्पतींच्या मुळांतून गाळून पुन्हा वापरले जाते. आवाराबाहेर थेंबही सोडला जात नाही. छपरावर सौर पॅनेल आहेत. तेवढ्याच आकाराच्या सर्वसाधारण कार्यालयाच्या तुलनेत सुमारे निम्मी वीज वाचेल, अशी तिची रचना आहे.

चौक, जाळी आणि वारा! आपल्या वाड्यांत, गुजरात-राजस्थानच्या हवेल्यांत शतकानुशतके नांदलेल्या या गोष्टी. त्या आपण मागास म्हणून टाकून दिल्या आणि थंड प्रदेशांतल्या, ऊन आत कोंडून ठेवणाऱ्या काचेच्या पेट्या प्रगतीचे लक्षण म्हणून डोक्यावर घेतल्या. लंडन-शिकागोत हिवाळ्यात हवीहवीशी वाटणारी काच पुण्याच्या एप्रिलमध्ये भट्टी होते. मग ती भट्टी निववण्यासाठी वातानुकूलन आणि झळ लागू नये म्हणून ओढलेल्या पडद्यांमुळे भरदुपारी दिवे. उष्णता विकत घ्यायची, मग ती बाहेर फेकण्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे, असा हा दुहेरी उफराटा व्यवहार आहे.

येथे एक सावधगिरीचा इशाराही दिला पाहिजे. ‘हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणून थांबण्याची आपल्याला मोठी सवय आहे. पूर्वजांना ठाऊक होते हे खरे. पण ते त्यांनी वापरले, हेही तितकेच खरे. हैदराबादच्या इमारतीचे श्रेय केवळ जुन्या ज्ञानाला नाही. त्या ज्ञानाला मोजमापाची, नव्या सामग्रीची आणि चोख हिशेबाची जोड दिली, म्हणून ती उभी राहिली. वारशाचा अभिमान हा कृतीचा आरंभ असावा, कृतीला पर्याय नव्हे.

एक इमारत, दोन भाग

“पण अशी इमारत महाग पडते ना?” हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर देणारा एक विलक्षण प्रयोग हैदराबादजवळच पोचारम येथे झाला. १९८१ साली पुण्यात जन्मलेल्या इन्फोसिसने तेथील आपल्या संकुलात एक मोठी इमारत दोन जुळ्या भागांत बांधली. २०११ पासून ती वापरात आली. दोन्ही भागांची रचना, भिंती, खिडक्या, माणसांची संख्या सारखीच. एका भागात थंड हवा फेकणारी नेहमीची, पण उत्तम दर्जाची वातानुकूलन यंत्रणा बसवली. दुसऱ्या भागात छताच्या काँक्रीटमध्ये नळ्या घालून त्यांतून थंड पाणी खेळवले. छत निवते आणि खालची माणसे व वस्तू आपली उष्णता त्याला देऊन टाकतात. हवा फक्त श्वासापुरती आत आणायची.

दोन वर्षांची मोजणी झाली, तेव्हा पाणी खेळवणाऱ्या भागाने दुसऱ्या भागापेक्षा सुमारे ३४ टक्के कमी वीज घेतल्याचे दिसले. विशेष म्हणजे ती यंत्रणा बसवण्याचा खर्चही जास्त नव्हता, उलट किंचित कमीच होता. आणि तिथे काम करणाऱ्यांचे समाधान अधिक होते. एकाच छपराखाली, एकाच हवामानात, शेजारी शेजारी केलेली ही तुलना आहे. यापेक्षा स्वच्छ पुरावा व्यवहारात क्वचितच मिळतो. याच कंपनीने २०१९-२० या वर्षात आपण कार्बनतटस्थ झाल्याचे जाहीर केले. वीज वाचवण्याने कंपनी मागे पडते, हा आक्षेप निदान या उदाहरणात तरी टिकत नाही.

इमारत जुनी असेल तर? न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची. २००९ मध्ये तिचे नूतनीकरण सुरू झाले, तेव्हा तिच्या सुमारे साडेसहा हजार खिडक्या भंगारात काढल्या गेल्या नाहीत. त्याच इमारतीत कार्यशाळा थाटून जुन्या काचा उतरवल्या गेल्या, त्यांच्यात उष्णतारोधक पापुद्रा बसवला आणि त्या पुन्हा जागच्या जागी लावल्या. इतर सुधारणांसह ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी करून वर्षाला सुमारे ४४ लाख डॉलर वाचवण्याची ती योजना होती. जुने मोडून नवे घेण्यापेक्षा जुने सुधारून वापरणे हेच खरे पर्यावरण, हा धडा अमेरिकेतल्या एका गगनचुंबी इमारतीने गिरवला.

विजेपेक्षा मोठा खर्च

येथवर केवळ विजेच्या बिलाचा विचार झाला. परंतु कोणत्याही कचेरीत विजेपेक्षा कितीतरी मोठा खर्च असतो तो पगाराचा. अमेरिकेतील स्थावर मालमत्तेच्या क्षेत्रात एक ठोकताळा सांगतात : कार्यालयाच्या दर चौरस फुटामागे वर्षाला वीज-पाण्यावर ३ डॉलर, भाड्यावर ३० आणि माणसांवर ३०० डॉलर खर्च होतात. आपल्याकडचे प्रमाण निराळे असेल, पण तत्त्व बदलत नाही. वीज १० टक्के वाचली तर थोडके वाचते. माणसाचे काम १० टक्के बिघडले तर पुष्कळ बुडते.

याबाबतीत मी स्वतः साक्षीदार आहे. माझ्या पत्रकारितेची पहिली वर्षे एका जुन्या वाड्यात गेली. शाईचा वास, जिन्याची कुरकुर आणि उंदीर यांचे मी गुणगान करणार नाही. पण तिथे खिडकी उघडता येत असे. पुढे आमची कचेरी एका नव्या, चकचकीत, पूर्ण बंदिस्त इमारतीत गेली. मे महिन्यात सहकारी स्वेटर घालून बसत. दुपारी चारनंतर डोके जड होई, डोळे चुरचुरत आणि नेमक्या त्याच वेळी पहिले पान जुळवायचे असे. चुका वाढल्या, तेव्हा संपादकीय विभागाला खरमरीत पत्र आले. हवा कोणी तपासली नाही. आम्हीही तो आमच्या वयाचा दोष मानला.

तो केवळ वयाचा दोष नसावा, असे आता म्हणता येते. हार्वर्ड विद्यापीठातील जोसेफ ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ कर्मचाऱ्यांना सहा दिवस एका नियंत्रित कार्यालयात बसवले. रोज तेथील हवेचा दर्जा गुपचूप बदलला आणि दिवसअखेरीस निर्णयक्षमतेच्या चाचण्या घेतल्या. हवा कोणत्या दिवशी कशी आहे, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि गुण देणाऱ्यांनाही नव्हते. सर्वसाधारण कार्यालयाच्या तुलनेत हरित इमारतीसारख्या हवेत गुण सरासरी ६१ टक्क्यांनी अधिक मिळाले. बाहेरची हवा आणखी वाढवली, तेव्हा जवळपास दुपटीने. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसे मोजकी होती, त्यामुळे आकड्यांना वेदवाक्य मानू नये. पण कोंदट हवेत डोके चालत नाही, ही साधी गोष्ट आता मोजून सिद्ध होत आहे.

कोणी म्हणेल, हे संगणकावर बसणाऱ्यांचे चोचले आहेत. मुळीच नाही. खरा प्रश्न पत्र्याच्या छपराखाली घाम गाळणाऱ्यांचा आहे. दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील ई. सोमनाथन व सहकाऱ्यांनी भारतातील कारखान्यांच्या आकडेवारीचा अभ्यास करून २०२१ मध्ये दाखवून दिले की, वर्षाचे तापमान १ अंशाने वाढले तर कारखान्याचे उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटते. उन्हाने काम मंदावते आणि गैरहजेरीही वाढते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली असा अंदाज वर्तवला की, २०३० पर्यंत भारतातील कामाच्या एकूण तासांपैकी ५.८ टक्के तास उष्णतेमुळे बुडतील. म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतके.

याच संदर्भात बंगळुरू परिसरातील तयार कपड्यांच्या कारखान्यांचे उदाहरण मननीय आहे. तेथे शिलाई यंत्रांवरचे जुने दिवे काढून एलईडी दिवे लावले गेले. हेतू एकच, विजेची बचत. पण अच्युत अध्वर्यू व सहकारी या अर्थशास्त्रज्ञांनी उत्पादनाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अनपेक्षित गोष्ट आढळली. एलईडी कमी तापतात. त्यामुळे मान खाली घालून शिवणाऱ्या कामगारांभोवतीची हवा थोडी निवली आणि कडक उन्हाच्या दिवसांत त्यांचे उत्पादन वाढले. हा लाभ विजेच्या बचतीच्या दुपटीहून अधिक निघाला. दोन्ही मिळून धरले, तर दिव्यांचा खर्च वसूल होण्यास लागणारा काळ एक तृतीयांशाहूनही कमी झाला. मालकाने वीज वाचवण्यास हात घातला आणि त्याच्या पदरात पडला तो त्या कामगारांना मिळालेला दिलासा. या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. घरचा स्वयंपाक उरकून येणारी आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे उभी राहणारी ती भगिनी दिवसाचे आठ तास थोड्या कमी तापलेल्या जागी बसली. ताळेबंदात याला उत्पादकता म्हणतात. आपल्या भाषेत याला माणुसकी म्हणतात. दोन्ही एकाच दिव्याने साधली.

पाणी नसेल तर धंदाही नाही

शाश्वततेचा आणखी एक लाभ संकटातच कळतो. जून २०१९ मध्ये चेन्नईचे मोठे जलाशय आटले, तेव्हा तेथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांना घरी बसून काम करण्यास सांगावे लागले. कोट्यवधींचे करार, उंच इमारती, अद्ययावत संगणक, सारे जागेवर होते. नव्हते ते फक्त पाणी. आपल्याला त्याआधीचे २०१६ चे लातूर आठवत असेल. मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, इतकी टंचाई. अशा प्रदेशात जो कारखाना पावसाचे पाणी जिरवतो, वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतो, तो केवळ पाणीपट्टी वाचवत नाही; टँकर बंद झाल्यावरही तो चालू राहतो. ग्राहक शेवटी त्याच्याकडे जातो, जो दिलेल्या तारखेला माल देतो.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या विषयातील दोषांकडेही डोळेझाक करून चालणार नाही. पहिला दोष ढोंगाचा. प्रवेशद्वारावर मानांकनाचा फलक आणि आत १८ अंशांवर चालणारे वातानुकूलन, अशी ठिकाणे अनेकांनी पाहिली असतील. प्रमाणपत्र इमारतीला मिळते. वीज मात्र तिथली माणसे वापरतात. म्हणून दरवर्षीचे बिल हेच खरे प्रमाणपत्र समजावे. संचालकाच्या दालनात कुंड्या आणि पहारेकऱ्याला मात्र पत्र्याची तापलेली टपरी, हीदेखील शाश्वतता नव्हे. कार्यस्थळ म्हणजे तिथे काम करणाऱ्या शेवटच्या माणसाची जागा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोठ्या कंपन्यांकडे भांडवल असते. लहान उद्योजकाने काय करावे? त्यातही तो भाड्याच्या गाळ्यात असेल, तर छप्पर मालकाचे आणि बिल भाडेकरूचे. खर्च एकाने करायचा, फायदा दुसऱ्याला, म्हणून कोणीच काही करत नाही. या पेचावर भाषणांनी तोडगा निघणार नाही. भाडेकरारात सुधारणांच्या खर्चाची वाटणी लिहावी लागेल, बँकांनी व सहकारी पतसंस्थांनी अशा कामासाठी सुलभ कर्जे द्यावी लागतील आणि वसाहतींमधील उद्योजक संघटनांनी एकत्र ऊर्जा-परीक्षण करवून घ्यावे लागेल. एकट्याला न परवडणारा तज्ज्ञ वीस जणांना मिळून सहज परवडतो. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे शिकवण्याची गरज नसावी.

तिसरा आक्षेप असा की, हे नियम पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादले आहेत. ज्यांनी दीडशे वर्षे धूर ओकला, त्यांनी आता आपल्याला उपदेश करावा, याचा संताप येणे स्वाभाविक आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आदी आयात मालावर त्यातील कार्बनच्या प्रमाणात आकारणी लागू केली आहे. तिच्यामागे केवळ पर्यावरणप्रेम आहे, स्वतःच्या उद्योगांचे रक्षण नाही, असे मानण्याइतके आपण भाबडे नाही. त्याविरुद्ध आपल्या शासनाने ठामपणे भांडावे. पण संताप आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेबीने २०२२-२३ पासून देशातील पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक बाबींचा अहवाल देणे बंधनकारक केले आहे. त्या कंपन्या आज ना उद्या आपल्या पुरवठादाराला, म्हणजे भोसरी-सातपूर-वाळूज येथील लहान कारखानदाराला, विजेचे आणि पाण्याचे आकडे विचारणारच. ज्याच्याकडे ते तयार असतील, त्याची मागणी टिकेल.

आपल्या देशाचा अनुभवही हेच सांगतो. केंद्र सरकारने २०१२ ते २०१५ या काळात सिमेंट, पोलाद, कागद, वीज आदी ८ क्षेत्रांतील ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीची उद्दिष्टे ठरवून दिली. एकत्रित उद्दिष्ट होते सुमारे ६७ लाख टन खनिज तेलाइतक्या ऊर्जेच्या बचतीचे. प्रत्यक्षात बचत झाली ८७ लाख टनांच्या आसपास. कायद्याने मागितले त्यापेक्षा अधिक उद्योगांनी दिले. वाचलेली ऊर्जा म्हणजे वाचलेला पैसा, हे एकदा मोजल्यावर त्यांना कळले, असेच त्यावरून म्हणावे लागेल.

आरंभ कोठून करावा?

मोठ्या योजनांची वाट पाहण्याचे कारण नाही. सुटीच्या दिवशी सर्व यंत्रे बंद करून कॉम्प्रेसर चालू ठेवावा आणि तो किती वेळा आपोआप सुरू होतो ते मोजावे; गळतीचा अंदाज विनाखर्च मिळतो. अवजारांना ६ बार दाब पुरत असेल तर तो ७ वर ठेवू नये; १ बार कमी केल्याने सुमारे ६ ते ७ टक्के वीज वाचते. पत्र्याच्या छपरावर पांढरा परावर्तक रंग द्यावा, मधूनमधून पारदर्शक पत्रे घालावेत, वर वाऱ्यावर फिरणारे व्हेंटिलेटर बसवावेत. विजेची मोटार घेताना केवळ किंमत पाहू नये. तिच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीचा वाटा अगदी अल्प असतो, ९० टक्क्यांहून अधिक खर्च तिने खाल्लेल्या विजेचा असतो. कचेरीतील वातानुकूलन २४ अंशांवर ठेवावे. प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. आणि प्रत्येक विभागाला वेगळा मीटर लावावा. जे मोजले जात नाही, ते वाचवलेही जात नाही.

वाचकांपैकी अनेक जण उद्योजक नसतील. पण प्रत्येक घरातील कोणी ना कोणी रोज आठ-दहा तास कोठेतरी कामाला जातो. मुलगा नव्या नोकरीविषयी सांगू लागला की आपण पगार विचारतो, सुट्या विचारतो. तू बसतोस तिथे उजेड कसा आहे, खिडकी उघडते का, पिण्याचे पाणी कसे आहे, हेही विचारावयास हवे. ज्या गोष्टीची समाज चौकशी करतो, तिची मालक काळजी घेतो.

१९१० साली बेळगावातून बाहेर पडावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगांनी भरलेल्या माळावर कारखाना काढला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले म्हणून जागा मिळाली. पण त्या उजाड माळाचे कारखाना, घरे आणि वस्ती यांनी नांदते गाव झाले, ते लक्ष्मणरावांच्या दृष्टीमुळे. माणूस जिथे राबतो ती जागा राहण्याजोगी असावी, हे त्यांना कोणत्याही मानांकनाने शिकवले नव्हते. एका शतकाहून अधिक काळ लोटला, त्यांचे नांगर आणि पंप महाराष्ट्राच्या शेताशेतांत पोहोचले. माणसांची काळजी घेतल्याने त्यांचा धंदा बुडाला, असे कोणी म्हणू शकेल काय?

मित्राच्या कारखान्याची हकिकत सांगायची राहिली. माझ्या आग्रहाखातर त्याने पूजेनंतरच्या रविवारी साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन सगळी वाहिनी तपासली. जिथे बुडबुडे आले, तिथे खूण केली. एका दुपारभरात अकरा खुणा झाल्या. नव्या नळ्या आणि क्लिपांना लागलेला खर्च त्याने मला सांगितला नाही, पण दोन महिन्यांनी विजेचे बिल मात्र स्वतः आणून दाखवले आणि म्हणाला, “आता छपराचे काय करता येईल?” गेल्या खंडेनवमीला आरती संपली, तेव्हा त्या कारखान्यात खरोखरच शांतता होती. यंत्राला याहून चांगला नैवेद्य कोणता असू शकतो?